"निघालो" म्हणजे नक्की काय?

मागे एकदा शुक्रवारी रात्री आमचं रिलीज होतं. क्लायंट साता समुद्रापार, आम्ही इकडे पुण्यात, कॉन्फरन्स कॉलवर सात-आठ जण आणि त्यातले निम्मे पेंगुळलेले. तिकडच्या मॅनेजर बाईंनी विचारलं, "यू हॅवन्ट रन द मायग्रेशन यट?" मी अगदी तत्परतेने म्हणालो, "येस!"

झालं! आता मराठी डोक्याने पाहिलं तर माझं काहीच चुकलं नव्हतं. "तू अजून ते चालवलं नाहीस?" या प्रश्नाला आपण "हो" म्हणतो ते "हो, नाही चालवलं" या अर्थाने. बाईंच्या इंग्रजीत मात्र "येस" म्हणजे "येस, आय हॅव". त्या "ग्रेट!" म्हणाल्या आणि त्यांनी साईट लोकांसाठी उघडून टाकली. कोड नवा, डेटाबेस जुना. पुढचं आयटीतल्या मंडळींना सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा की तो अख्खा शनिवार आणि रविवारचा बराचसा भाग मी ऑफिसातच काढला.

गंमत म्हणजे दोघांचंही इंग्रजी ठीकठाक होतं. आणि दोघांनाही पक्कं वाटत होतं की समोरच्याला कळलंय. या प्रकारानंतर मी विमानांच्या रेडिओवरच्या बोलण्याबद्दल वाचायला लागलो आणि वाचतच गेलो. कारण एका शब्दाची किंमत किती असू शकते याचा हिशोब जगात कोणी चोख ठेवला असेल तर तो विमानवाल्यांनी. मोठा अपघात झाला की कॉकपिटमधलं आणि टॉवरमधलं बोलणं शब्दन् शब्द उतरवून काढतात. माझ्या "येस"ने एक वीकांत गेला. त्यांच्याकडे एका शब्दावर काय काय गेलंय ते वाचून अंगावर काटा येतो.

मेडे आणि ज्युलिएटचे दोन टी

आधी थोडी पार्श्वभूमी. १९२०च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड नावाचे एक रेडिओ अधिकारी होते. संकटात सापडलेल्या वैमानिकाने रेडिओवर काय म्हणावं, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. तिथून बरीचशी विमानं पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळावर जायची, म्हणजे शब्द इंग्रजांनाही कळायला हवा आणि फ्रेंचांनाही. त्यांनी सुचवला "मेडे". मे महिन्याशी त्याचा काही संबंध नाही. फ्रेंचमधल्या "मला मदत करा" या शब्दांचा तो इंग्रजी कानाला ऐकू येणारा अवतार आहे.

अक्षरांचंही तसंच. आपण बँकेच्या फोनवर "बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली" करतो ना, तसंच विमानवाल्यांनाही लागतं. फक्त त्यांचा शब्द अर्जेंटिनापासून जपानपर्यंत सगळ्यांना उच्चारता आणि ओळखता यायला हवा. आयकाओ या विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मॉन्ट्रियल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ ज्याँ-पॉल विने यांची मदत घेतली, कितीतरी शब्द वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांवर तपासले, मधे एक यादी काढली, ती बदलली, आणि १९५६मध्ये आजची अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही यादी कायम झाली. त्यात अल्फाचं स्पेलिंग पीएचऐवजी एफने करतात, कारण पीएचचा उच्चार "फ" होतो हे सगळ्या भाषांत माहीत नसतं. ज्युलिएटच्या शेवटी दोन टी आहेत, कारण एकच टी असला तर फ्रेंच माणूस तो गिळून टाकेल. नऊला "नाईन" न म्हणता "नाईनर" म्हणतात, कारण खरखरीत "नाईन" आणि "फाईव्ह" सारखेच ऐकू येतात.

इतका बारीक विचार! हे वाचून मला वाटलं, आता गोंधळ व्हायला जागाच कुठे उरली? पण अक्षरं आणि आकडे सुधारणं सोपं असतं. साधी वाक्यं मात्र तशीच मोकळी राहिली होती.

२७ मार्च १९७७, टेनेरिफ

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ हे एक बेट. तिथल्या लॉस रोडिओस या छोट्या विमानतळावर त्या रविवारी मोठमोठी विमानं येऊन दाटीवाटीने उभी होती. खरं तर त्यांना जायचं होतं शेजारच्या ग्रान कनारिया बेटावर, पण तिथल्या टर्मिनलमध्ये फुटीरतावाद्यांनी बॉम्ब फोडला होता. त्यामुळे सगळ्यांना इकडे वळवलं. त्यात दोन जंबो जेट होती. एक डच केएलएमचं आणि दुसरं अमेरिकन पॅन ॲमचं.

ग्रान कनारिया पुन्हा सुरू झाल्यावर निघायची वेळ आली, पण समांतर रस्ता उभ्या विमानांनी अडलेला. म्हणून केएलएमला धावपट्टीवरूनच दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन उलटं वळायला सांगितलं. पॅन ॲमही त्याच धावपट्टीवर मागून येत होतं. त्याला सांगितलं की डावीकडच्या तिसऱ्या फाट्याने बाहेर पड. तेवढ्यात डोंगरावरून ढग उतरले. टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात, आणि तिथे जमिनीवरचं रडारही नव्हतं. म्हणजे त्या धावपट्टीवर कोण कुठे आहे हे कळायला एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे रेडिओवरचे शब्द.

केएलएमचे कॅप्टन होते याकोब वेल्डहाउझेन व्हान झान्टेन. कंपनीच्या ७४७च्या प्रशिक्षणाचे प्रमुख, जाहिरातीत फोटो येणारा माणूस. त्यांना घाईही होती, कारण ड्यूटीच्या तासांचे नवे कडक नियम आले होते आणि आणखी उशीर झाला तर मुक्कामच करावा लागला असता. टोकाला पोचून विमान वळवताच त्यांनी इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली. सहवैमानिक म्हणाला, थांबा, अजून क्लिअरन्स मिळालेला नाही. कॅप्टन म्हणाले, माहितेय मला, विचार त्यांना.

मग टॉवरने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. तो फक्त मार्ग होता, निघायची परवानगी नव्हे. पण त्या वाक्यात "टेकऑफ" हा शब्द येऊन गेला. सहवैमानिक तो मार्ग परत म्हणून दाखवत असतानाच कॅप्टननी ब्रेक सोडले. घाईघाईत सहवैमानिकाने वाक्य संपवलं, "वी आर नाऊ ॲट टेकऑफ."

आता सांगा, याचा अर्थ काय?

समजा तुम्ही मित्राला फोन केलात आणि तो म्हणाला, "निघालो." तो गाडीवर आहे, की दारात कुलूप शोधतोय, की अजून अंघोळीला जायचाय? पुण्यात तरी तिन्ही शक्यता सारख्याच! आणि घरातून बाहेर पडताना आपण "येतो" म्हणतो. नुकतंच मराठी शिकणाऱ्याने ते ऐकलं तर त्याला वाटेल की हा आत येतोय. "ॲट टेकऑफ"चं अगदी असंच झालं. टॉवरमधल्या स्पॅनिश माणसाला वाटलं, विमान टेकऑफच्या जागी उभं आहे, तयार आहे. सहवैमानिकाला म्हणायचं होतं, आम्ही टेकऑफ करतोय. बऱ्याच अभ्यासकांनी दाखवून दिलंय की डचमध्ये चालू क्रिया सांगायची रचनाच तशी असते, साधारण "आम्ही अमुक करण्यावर आहोत" अशी. ताण आला की शब्द इंग्रजी राहतात, पण खालचा सांगाडा आपल्या भाषेचा येतो. माझ्या "येस"चंही तेच झालं होतं.

टॉवर म्हणाला, "ओके." मग जवळजवळ दोन सेकंद काहीच नाही. मग, "स्टँड बाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू." ते दोन सेकंद ऐकून पॅन ॲमच्या कॉकपिटमध्ये धस्स झालं आणि त्यांनीही लगेच बटण दाबून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही वाक्यं एकाच क्षणी, एकाच फ्रीक्वेन्सीवर.

इथे थोडं इंजिनिअरिंग. विमानांचा हा रेडिओ एएम पद्धतीचा असतो आणि एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघे एकदम बोलले की ऐकणाऱ्याला नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते. (एफएम वापरला असता तर जास्त ताकदवान आवाजाने दुसऱ्याला पूर्ण झाकलं असतं आणि कोणी मधे बोललं हेही कळलं नसतं. एएममध्ये निदान गडबड झाल्याचं कळतं.) आपल्या नेटवर्कमध्ये दोन पॅकेट आपटली की मशीन आपोआप पुन्हा पाठवतं. इथे पुन्हा पाठवायची जबाबदारी माणसावर होती. केएलएमच्या कॉकपिटमध्ये "ओके" स्वच्छ पोचलं आणि त्यानंतर तीन-चार सेकंद शिट्टी. नेमका थांबायला सांगणारा भाग त्या शिट्टीत विरघळला.

तरी एक संधी उरली होती. पुढच्याच क्षणी टॉवरने पॅन ॲमला सांगितलं, धावपट्टी मोकळी केल्यावर कळव. पॅन ॲम म्हणालं, कळवतो. हे केएलएममध्ये ऐकू आलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने डचमध्ये विचारलं, तो अजून बाहेर पडला नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, पडला की! फ्लाइट इंजिनिअर गप्प बसला.

त्यानंतर काही सेकंदांत धुक्यात समोर पॅन ॲम दिसलं. दोन्ही विमानांतले मिळून ५८३ लोक गेले. केएलएममधला एकही वाचला नाही, पॅन ॲममधले ६१ वाचले. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा आजही सगळ्यात मोठा अपघात आहे.

स्पॅनिश चौकशीने मुख्य चूक परवानगीशिवाय निघालेल्या कॅप्टनची ठरवली, तर डच बाजूने रेडिओवरच्या संदिग्ध शब्दांवर भर दिला. मला विचाराल तर दोन्ही एकाच साखळीचे दुवे आहेत. धुकं, घाई, हुद्दा यांपैकी एकही गोष्ट भाषेची नाही. पण ही सगळी एकत्र आली तेव्हा त्यांना अडवायला मधे फक्त भाषा उभी होती, आणि ती भाषा "ॲट टेकऑफ" आणि "ओके" इतकी ढिली निघाली.

टू, टू आणि प्रायॉरिटी

१९ फेब्रुवारी १९८९. मलेशियात क्वालालंपूरजवळ एक मालवाहू जंबो उतरत होतं. टॉवर म्हणाला, "डिसेंड टू फोर झिरो झिरो." देवनागरीत लिहिलं की घोळ लगेच दिसतो. त्याला म्हणायचं होतं २४०० फुटांपर्यंत उतरा. विमानात ऐकलं, ४०० फुटांपर्यंत उतरा! कॅप्टनने परत म्हणूनही दाखवलं, "ओके, फोर झिरो झिरो." टॉवरच्या कानाला ते खटकलं नाही. विमान डोंगरावर आदळलं, चारही कर्मचारी गेले. इथे लक्षात घ्या, परत म्हणून दाखवण्याची पद्धत पाळली गेली होती. फक्त समोरच्याने ते लक्ष देऊन ऐकलं नाही.

पुढच्याच वर्षी, २५ जानेवारी १९९०ला, कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं ॲव्हियांकाचं ५२ नंबरचं विमान खराब हवेमुळे तीन ठिकाणी मिळून एक तास १७ मिनिटं आकाशात घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं. रेडिओवर बोलणारा सहवैमानिक म्हणाला, आम्हाला "प्रायॉरिटी" हवी असं वाटतं. नंतर हेही म्हणाला की पाचेक मिनिटं थांबू शकू, आता बोस्टनला जाण्याइतकंही इंधन नाही. पण हे सगळं पुढच्या कंट्रोलरपर्यंत पोचलंच नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा कॅप्टनने स्पॅनिशमध्ये सांगितलं, त्यांना सांग की आपण इमर्जन्सीत आहोत. सहवैमानिकाने टॉवरला काय सांगितलं? की आम्ही पुन्हा प्रयत्न करतो, आणि आमचं इंधन संपत चाललंय. तेही दुसऱ्या सूचनेला उत्तर देता देता, वाक्याच्या शेवटी. इमर्जन्सी हा शब्द नाही, मेडे नाही.

न्यूयॉर्कच्या कंट्रोलरच्या दृष्टीने इंधन काय, प्रत्येकच विमानाचं संपत चाललेलं असतं! त्याने विमानाला पुन्हा लांबून वळून यायला सांगितलं आणि विचारलं, चालेल ना? सहवैमानिक म्हणाला, "आय गेस सो. थँक यू व्हेरी मच."

हे "थँक यू व्हेरी मच" वाचून मला खरंच कसंतरी झालं. साहेबाला नाराज न करता, आवाज न चढवता, अडचण जरा वळसा घालून सांगायची.. ही भाषा मला चांगलीच ओळखीची आहे. काही मिनिटांनी चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. आग लागली नाही, कारण पेटायला इंधनच उरलं नव्हतं.

आपल्याकडे, चरखी दादरी

१२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी दिल्लीहून सौदिया कंपनीचं जंबो निघालं होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीला उतरायला येत होतं. तेव्हा दिल्लीत नागरी विमानांना जायला-यायला एकच मार्ग होता, आणि रडारवर विमानाचा ठिपका दिसायचा पण त्याची उंची दिसत नसे. उंची कळायची ती वैमानिक सांगेल तीच. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर. कंट्रोलरने कझाक विमानाला समोरून विमान येतंय हेही सांगितलं, अंतर सांगितलं, त्याची पातळी १४० आहे (म्हणजे १४,००० फूट) हेही सांगितलं.

कझाक विमानात रेडिओवर बोलायला वेगळा माणूस होता आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारं यंत्र नव्हतं, ते वैमानिकांपुढे होतं. म्हणजे इंग्रजी ऐकणारा एक आणि विमान चालवणारे दुसरे. ते विमान १५,०००वर न थांबता खाली उतरत राहिलं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानं आदळली, ३४९ लोक गेले. हवेत झालेल्या टकरींमधला हा आजवरचा सगळ्यात भीषण अपघात. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान परवानगीशिवाय खाली उतरलं हे मुख्य कारण ठरलं. त्यामागच्या कारणांत वैमानिकांचं अपुरं इंग्रजी आणि त्यामुळे सूचनांचा चुकीचा अर्थ लागणं, याचा स्पष्ट उल्लेख आहे.

मग काय बदललं?

टेनेरिफनंतर "टेकऑफ" हा शब्द जवळजवळ कुलुपात ठेवला गेला. तो फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. एरवी सगळीकडे "डिपार्चर". महत्त्वाच्या सूचनेला नुसतं "ओके" चालत नाही, सूचना जशीच्या तशी परत म्हणायची, आणि सांगणाऱ्याने ती ऐकून तपासायची. कॉकपिटमध्ये कनिष्ठाने वरिष्ठाला टोकायचं कसं आणि वरिष्ठाने ते ऐकायचं कसं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. इंधनासाठी २०१२मध्ये आयकाओच्या नियमांत दोनच ठरीव शब्द आले, "मिनिमम फ्युएल" आणि "मेडे फ्युएल". "प्रायॉरिटी", "असं वाटतं", "आय गेस" वगैरेंना तिथे जागा नाही. चरखी दादरीनंतर भारतात येणाऱ्या विमानांवर टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

२००३मध्ये आयकाओने इंग्रजीची परीक्षाही आणली. सहा पातळ्या, आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी. आधीची मुदत मार्च २००८ची होती, ती पुढे २०११पर्यंत वाढवावी लागली. यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनाही जबाबदारीतून मोकळं सोडलेलं नाही. त्यांनी सावकाश बोलावं, बोलीतले शब्द टाळावेत, असं आयकाओ त्यांनाही सांगते. म्हणजे ऐकणाऱ्याला कळलं नाही तर दोष नेहमी ऐकणाऱ्याचाच, असं नाही!

आपल्याला शाळेपासून सांगितलंय की इंग्रजी सुधारा, भरपूर शब्द शिका, फ्लुएंट व्हा. आकाशातला इतिहास मला वेगळंच सांगतो. चौथी पातळी लागतेच, त्यात वाद नाही. पण विमानं सुरक्षित झाली ती सगळे फर्डं इंग्रजी बोलायला लागले म्हणून नव्हे, तर सगळ्यांनी मिळून इंग्रजीचा एक छोटासा, कंटाळवाणा, ठरीव तुकडा कापून घेतला आणि त्याच्या बाहेर जायचं नाही असं ठरवलं म्हणून. आणि त्याहून महत्त्वाचं, "मला कळलं" यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवलं म्हणून.

त्या रिलीजनंतर आमच्या टीमने दोन नियम केले. कॉलवर नकारार्थी प्रश्न विचारायचा नाही. आणि कोणी काही करायला सांगितलं की "ओके" न म्हणता आपण काय करणार आहोत ते पूर्ण वाक्यात परत सांगायचं. पहिले काही दिवस सगळे हसत होते, "काय रे, शाळेत पाढे म्हणतोस का?" मी म्हटलं, हो, पाढेच. आता कोणी हसत नाही.

राहून राहून मला तो केएलएमचा फ्लाइट इंजिनिअर आठवतो. त्याने अगदी बरोबर प्रश्न विचारला होता. फक्त एकदाच विचारला.

असो. लेख बराच लांबला. आणि हो, संध्याकाळी मित्रांबरोबर बाहेर जायचंय, आत्ताच एकाचा मेसेज आलाय, "निघालो". मी अजून चपला घातलेल्या नाहीत. आधी त्याला फोन करून विचारतो, निघालास म्हणजे नक्की कुठे आहेस?